कपलर बसला, पण मीटर बसला का?

डिझायरचा मीटर स्विफ्टला, व्हेंटोचा पोलोला, वरच्या व्हेरिएंटचा खालच्या व्हेरिएंटला. हा उद्योग करणारे कोल्हापुरात कमी नाहीत. कारणं दोनच असतात. एक तर आपला मीटर बिघडलेला असतो, म्हणजे काटा अडकतो, डिस्प्लेवरचे आकडे अर्धे गायब होतात, आणि कंपनीच्या काउंटरवर नव्याची किंमत ऐकून घाम फुटतो. नाहीतर पाहुण्यांच्या टॉप मॉडेलमधला ॲव्हरेज दाखवणारा डिस्प्ले डोळ्यात भरलेला असतो. मी दुसऱ्या गटातला. साधी व्हीएक्सआय स्विफ्ट होती, तिला वरच्या व्हेरिएंटचा मीटर बसवला आणि तो आजही व्यवस्थित चालतोय.

मिस्त्रीला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बसतंय की मालक, कपलर सेम हाय." खोटं नाही ते. बसतंयच. पण कपलर, म्हणजे मीटरच्या मागे बसणारा वायरींचा प्लग, बसणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी जे बघायला हवं, जे विचारायला हवं आणि जे कागदावर लिहून ठेवायला हवं, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. मीटर म्हणजे इथे अख्खं क्लस्टर धरा: स्पीडोमीटर, आरपीएम, इंधनाचा काटा, टेम्परेचर आणि वॉर्निंगचे सगळे दिवे ज्या एका डब्यात असतात तो.

गाडी अजून वॉरंटीत असेल तर हे काम आत्ता करू नका. उद्या वायरिंगमध्ये काहीही झालं तरी बोट तुमच्या मीटरकडेच दाखवलं जाईल.

## 1. आधी बघा, बदलायची गरज आहे का

सगळेच काटे एकदम मेले असतील तर पहिल्यांदा मीटरचा फ्यूज बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. एकच काटा मेला असेल तर दोष मीटरमध्ये नसून सेन्सरमध्ये असण्याची शक्यता बरीच. इंधनाचा काटा खाली पडून राहतो तेव्हा टाकीतला फ्लोट अडकलेला असू शकतो, आणि अशा वेळी नवीन मीटरही तेच दाखवणार. बॅकलाइट गेला असेल, एखाद्या काट्याची मोटर सुस्तावली असेल किंवा सोल्डरला तडा गेला असेल, तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तोच मीटर उघडून दुरुस्त करतो. तसं झालं तर किलोमीटरचा आणि चावीचा पुढचा सगळा घोळ वाचतो. दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीच करा. मी हौसेपायी बदलला. बिघडला म्हणून बदलणाऱ्याने आधी हा रस्ता संपवावा.

## 2. मॉडेलचं नाव विसरा, पार्ट नंबर बघा

या लेखातला एकच टप्पा लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा.

गाड्या जोडीनं बनतात. स्विफ्ट आणि डिझायर, पोलो, व्हेंटो आणि रॅपिड, ग्रँड आय10 आणि एक्सेंट, ब्रिओ आणि अमेझ, टियागो आणि टिगोर. डॅशबोर्ड एक, खाच एक, मीटरचा आकारही एकच. म्हणून माणसाला वाटतं की आतलंही एकच असणार. पण एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या दोन व्हेरिएंटचे मीटर आतून वेगळे असू शकतात.

मीटर बाहेर काढला की मागे स्टिकर असतो. त्यावरचा नंबर फोटोत घ्या. नंबर म्हणजे नुसते आकडे नसतात. सुझुकीत नंबराचा पहिला तुकडा पार्ट कोणता ते सांगतो आणि पुढचा तुकडा कोणत्या मॉडेलसाठी ते. फोक्सवॅगन आणि स्कोडात मधले तीन आकडे 920 असतील तर तो मीटर, आणि सगळ्यात शेवटची अक्षरं आवृत्ती सांगतात. नंबर तंतोतंत जुळला तर तुमचं अर्धं काम झालं. नाही जुळला तर पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

पेट्रोल की डिझेल. पेट्रोलच्या आरपीएमची पट्टी साधारण 8 हजारांपर्यंत जाते, डिझेलची त्याच्या बरीच आधी संपते. तेवढं चालवून घेता येईल असं वाटतं, पण डिझेलच्या मीटरमध्ये ग्लो प्लगचा वेटोळ्यासारखा दिवा असतो आणि डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवाही असतो. पेट्रोलचा मीटर डिझेल गाडीला लावला तर हे दोन्ही दिवे कायमचे गेले. पाणी इंजेक्टरपर्यंत पोचल्यावर जे बिल येतं, त्यात दोन-चार मीटर सहज येतील.

टाकी. स्विफ्ट आणि डिझायरच्या 2011-12 ते 2017 च्या पिढीत टाकी दोघींचीही 42 लिटरची. त्याच घराण्यातल्या एर्टिगाची 45. पोलोची 45, पण व्हेंटो आणि रॅपिडची 55. टाकीतला फ्लोट जो रेझिस्टन्स पाठवतो, त्याचा अर्थ मीटर आपापल्या टाकीप्रमाणे लावतो. चुकीचा मीटर लावला की काटा फुल्लला पोचत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाव टाकी दाखवत असताना गाडी बंद पडते. "अजून इतके किलोमीटर जाईल" हा आकडा तर सरळ खोटा निघतो. कोडिंग करून, म्हणजे संगणक जोडून मीटरची सेटिंग बदलून, काही गाड्यांत हे सुधारता येतं, सगळ्यांत नाही.

गिअरबॉक्स. ऑटोमॅटिक आणि एएमटी (क्लच आपोआप दाबणाऱ्या) गाड्यांत कुठला गिअर पडलाय ते मीटरच दाखवतो. मॅन्युअलचा मीटर लावला की ती सोय गेली. उलट्या बाजूने फारसं बिघडत नाही, एक चौकोन रिकामा राहतो इतकंच.

दिवे कोणते आहेत. एबीएस, एअरबॅग, सीटबेल्ट. जुन्या किंवा खालच्या व्हेरिएंटच्या मीटरमध्ये यांपैकी काही दिव्यांची जागाच कोरी असते. तुमच्या गाडीत एबीएस आहे आणि मीटरमध्ये त्याचा दिवा नाही, अशी जोडी करू नका. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या गाड्यांना वेगाची घंटी सक्तीची आहे. 80 च्या वर अधूनमधून वाजते, 120 च्या वर सलग. ती घंटी नको म्हणून जुन्या गाडीचा मीटर शोधणारेही मला भेटलेत. माझं मत विचाराल तर हा शुद्ध आगाऊपणा आहे.

वायरी पोचतात का. नव्या गाड्यांत मीटरला बहुतेक माहिती कॅन लाइनवरून येते. दोन पिळलेल्या वायरी, त्यावरून इंजिन, एबीएस, एअरबॅग सगळे बोलतात. अशा गाडीत खालच्या व्हेरिएंटला वरचा मीटर लावला तर आरपीएम आणि ॲव्हरेज आपोआप जिवंत होण्याची शक्यता चांगली. जुन्या गाडीत प्रत्येक काट्याला स्वतंत्र वायर असते. खालच्या व्हेरिएंटच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) आरपीएमची वायरच ओढलेली नसेल तर काटा शून्यावर झोपून राहील. बाहेरचं तापमान दाखवणारा मीटर आणलात आणि पुढच्या बंपरमागे सेन्सरच नाही, तर डिस्प्लेवर दोन आडव्या रेघा बघत बसा.

कपलर सेम असला तरी पिना सेम असतातच असं नाही. सर्व्हिस मॅन्युअलमधला पिन-आउट (कोणती पिन कशाची, तो तक्ता) मिळवा आणि निदान तीन पिना नक्की जुळवा: बॅटरीचा कायम करंट, इग्निशनचा करंट आणि अर्थ. या तिघींत गल्लत झाली तर चावी फिरवल्याक्षणी मीटर जळतो.

जुन्या, अगदी 800 आणि ओम्नीच्या काळातल्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. चार्जिंगचा लाल दिवा नुसता दिवा नसतो, त्याच्यातून जाणारा करंट अल्टरनेटरला जागा करतो. तो बल्ब नसेल किंवा गेलेला असेल तर गाडी चार्जिंगच घेत नाही, आणि माणूस आठवडाभर बॅटरीला शिव्या देतो.

## 3. इमोबिलायझर कुठे राहतो ते विचारा

चावीतली चिप ओळखून इंजिनला परवानगी देणारा हा रखवालदार. काही गाड्यांत तो वेगळ्या डब्यात किंवा इंजिनच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) असतो. तिथे मीटर बदलल्याने चावीला काही होत नाही. काही गाड्यांत मात्र तो मीटरच्याच आत बसलेला असतो. पोलो, व्हेंटो, रॅपिड ही त्यातली ठळक नावं.

अशा गाडीला दुसऱ्या गाडीचा मीटर लावला की होतं असं: स्टार्टर फिरतो, इंजिन लागतं, तुम्ही खूश होता, आणि एक-दोन सेकंदांत इंजिन बंद. पुन्हा लावा, पुन्हा बंद. पंप, फिल्टर बघण्यात वेळ घालवू नका. मीटर, ईसीयू आणि चावी यांची आपसात ओळख पटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ती ओळख करून द्यायला गाडीचा गुप्त पिन, जुन्या मीटरमधला डेटा आणि व्हीसीडीएससारखं सॉफ्टवेअर लागतं. या घराण्याच्या गाड्यांत स्कॅनरवर 17 नंबरला मीटर सापडतो आणि 25 नंबरला इमोबिलायझर. बाजारात मिळणारा स्वस्त ईएलएम 327 ब्लूटूथ डोंगल इंजिनचे कोड वाचायला ठीक आहे, या कामाला तो उपयोगाचा नाही. म्हणून मीटर विकत घेण्याआधी जो माणूस कोडिंग करणार आहे त्याला गाठा, दोन्ही पार्ट नंबर दाखवा, आणि "हे होतं का" असं न विचारता "या नंबरावर आधी केलंय का" असं विचारा. दोन प्रश्नांच्या उत्तरांत फार फरक पडतो.

एक सावधगिरी. काम होईपर्यंत जुना मीटर कुणालाही देऊ नका, आणि त्याचा डेटा वाचून झाल्याशिवाय उघडूही नका.

## 4. जुना मीटर घेताना: चिखल आणि चोरी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून आपल्या इथल्या भंगारवाल्यांपर्यंत मीटर कुठेही मिळतो. कुरिअरनेही येतो. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या मालाला एक वेगळी परीक्षा लागते.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा कुठवर आली होती ते आपण पाहिलंय. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत गाड्या पाण्यात उभ्या होत्या, शिरोलीजवळ हायवे बंद होता. विम्यात टोटल लॉस झालेल्या त्या गाड्या पुढे सुट्या झाल्या आणि त्यांचे पार्ट बाजारात गेले. असा मीटर वरून पुसून चकाचक केलेला असतो आणि पहिले काही महिने नीट चालतोही. मग एखाद्या दमट सकाळी डिस्प्ले लुकलुकायला लागतो.

ओळखायचं कसं? कपलरच्या पिनांत टॉर्च मारा. पिना हिरवट किंवा पांढुरक्या दिसल्या तर मीटर परत ठेवा. मागच्या स्क्रूंच्या खाचेत गंज आहे का, स्टिकरचा कागद फुगून सुकल्यासारखा सुरकुतलाय का, ते बघा. काचेच्या आतल्या कडेला, डायलच्या खालच्या कोपऱ्यात, पिठासारखा बारीक गाळ बसलेला असतो. बाहेरून पुसणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. मीटर नाकाजवळ धरून वासही घ्या. पुराचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला समजावून सांगायला लागत नाही.

दुसरी भानगड चोरीची. ज्या गाडीतून मीटर निघाला तिचा नंबर मागा, एमपरिवाहन ॲपवर टाकून बघा, आणि साध्या कागदावर का होईना पण बिल घ्या. त्यावर गाडीचा नंबर, मीटरचा पार्ट नंबर आणि मीटरवरचं रीडिंग लिहून घ्या. "नंबर कशाला पायजे?" असं म्हणणाऱ्याकडून मीटर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

शक्य असेल तर दुकानातच बॅटरी जोडून मीटर पेटवून दाखवायला सांगा. डिस्प्ले पूर्ण उमटतो का आणि काटे एकदा झटका मारून शून्यावर येतात का, एवढं कळलं तरी पुरे.

## 5. किलोमीटरचा हिशोब

ओडोमीटरचा आकडा मीटरच्या आतल्या ईईप्रॉम नावाच्या लहानशा चिपमध्ये असतो. आठ पायांचा काळा तुकडा. काही गाड्यांत त्याची दुसरी नोंद बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्येही (दिवे, दारं, काचा सांभाळणाऱ्या डब्यातही) असते. म्हणजे दुसऱ्या गाडीचा मीटर लावला की त्या गाडीचे किलोमीटर तुमच्या गाडीवर येतात.

समजा तुमची गाडी 84,310 वर आहे. आणलेला मीटर 1,26,000 चा असेल तर तुमचं नुकसान, आणि 31,000 चा असेल तर पुढे जो गाडी घेईल त्याचं. दोन्ही सोडवायचे मार्ग असे.

पहिला, दोन्ही मीटरचं हार्डवेअर एकच असेल तर तुमची जुनी ईईप्रॉम चिप नव्या मीटरमध्ये बसवणं, किंवा तिच्यातला डेटा उतरवणं. बारीक सोल्डरिंगचं काम आहे, मोबाईल दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला जमतं, साध्या इस्त्रीसारख्या सोल्डरिंग गनवाल्याला देऊ नका. दुसरा, प्रोग्रामरने रीडिंग नेमकं 84,310 करून घेणं. बऱ्याच मीटरमध्ये आकडा वर चढवता येतो पण खाली आणता येत नाही. म्हणून तुमच्यापेक्षा कमी चाललेला मीटर शोधणं सोयीचं. तिसरा, काहीच न करता फरक कागदावर ठेवणं. मीटर 31,000 दाखवेल, तुमच्याकडे 53,310 चा फरक लिहिलेला असेल.

प्रोग्रामिंग करणारा हमखास विचारतो: "मालक, करतोयच तर थोडं मागं घेऊ काय?" नाही म्हणा. उसाच्या काट्यावर वजन मारलं की आपण कारखान्याच्या दारात बसतो; मग आपल्याच गाडीचा काटा मारून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा कसा? कायद्याच्या भाषेत सांगायचं तर खोटं रीडिंग दाखवून गाडी विकणं ही फसवणूक होते, आणि ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येते. 1 जुलै 2024 च्या आधी आपण जिला चारसोबीस म्हणायचो तीच. आणि पकडलं जाणं अवघड नाही. सर्व्हिस सेंटरच्या संगणकात प्रत्येक सर्व्हिसचं रीडिंग असतं. हुशार गिऱ्हाईक आधी तेच मागतं.

आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, इंधन या गोष्टी असतात. मीटर किंवा किलोमीटर नसतात. त्यामुळे मीटर बदलल्याची नोंद आरसीवर होत नाही. म्हणूनच तुमचा स्वतःचा कागद महत्त्वाचा. मी असा मजकूर लिहून, मिस्त्रीची सही आणि शिक्का घेऊन आरसीच्या पाकिटात ठेवलाय:

"दि. … रोजी एमएच 09 … या गाडीचा मूळ मीटर (पार्ट नं. …) … किमी रीडिंग असताना काढला. त्याजागी पार्ट नं. … चा वापरलेला मीटर बसवला. बसवताना त्याचं रीडिंग … किमी होतं, ते … किमी करण्यात आलं / तसंच ठेवण्यात आलं."

अमेरिकेत जुनं रीडिंग नव्या मीटरवर आणता येत नसेल तर मीटर शून्यावर ठेवून तशी चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीला चिकटवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे कुणी मागत नाही, पण कल्पना उचलण्यासारखी आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तारीख आणि रीडिंगचा बारीक स्टिकर लावला तर पुढचे प्रश्नच मिटतात.

विमा "जितकी चालवाल तितका हप्ता" प्रकारचा असेल (असे ॲड-ऑन जुलै 2022 पासून आलेत) तर मीटर काढण्याआधी कंपनीला मेल करा, जुन्या रीडिंगच्या फोटोसकट. नंतर कळवलं तर संशय तुमच्यावरच.

## 6. जमवाजमव

कागद:
- आरसीची प्रत आणि विम्याची पॉलिसी
- सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट, शेवटच्या रीडिंगसह
- जुन्या मीटरचा चालू अवस्थेतला फोटो: रीडिंग आणि सगळे पेटलेले दिवे दिसतील असा
- दोन्ही मीटरच्या मागच्या स्टिकरचे फोटो
- विकत आणलेल्या मीटरचं बिल
- म्युझिक सिस्टिमचा पिन. काही सेट बॅटरी काढल्यावर तो मागतात
- मीटरमध्ये इमोबिलायझर असेल तर दोन्ही चाव्या

हत्यारं:
- मध्यम आणि आखूड फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, टोक चुंबकी असलेलं बरं
- बॅटरीच्या टर्मिनलसाठी 10 चा पाना
- प्लास्टिकची पट्टी. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने डॅशबोर्ड उचकटू नका
- मल्टिमीटर
- टॉर्च, मास्किंग टेप, मऊ सुती कापड

## 7. काढणं आणि बसवणं

गाडी सावलीत लावा. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या डॅशच्या क्लिपा वाकतात, आणि थंडीतल्या पहाटे त्याच क्लिपा तुटतात. सकाळी दहाच्या सुमाराला करा.

चावी काढा. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि चहा घेऊन या. ही थाप नाही. एअरबॅगच्या युनिटमध्ये काही वेळ करंट साठून राहतो, तो उतरायला काही मिनिटं द्यावी लागतात. स्टीअरिंग काढायची गरज नसते, टिल्ट पूर्ण खाली घ्या. स्टीअरिंगच्या कॉलमवर कापड टाका, म्हणजे मीटर बाहेर ओढताना काच घासणार नाही.

मीटरभोवतीची फ्रेम बहुतेक गाड्यांत क्लिपांवर असते, काहींत वरच्या कडेला आतून एक-दोन स्क्रू असतात. ओढण्याआधी टॉर्च मारून स्क्रू शोधा. फ्रेम सुटली की मीटरला साधारण तीन-चार स्क्रू. ते काढताना खाली टेपचा तुकडा उलटा लावून ठेवा, कारण डॅशच्या पोटात पडलेला स्क्रू परत मिळत नाही, पण खडखडतो मात्र प्रत्येक खड्ड्यात, आणि खड्ड्यांची आपल्याकडे ददात नाही.

मीटर थोडा पुढे घ्या, मागे हात घाला, कपलरचा लॉक दाबून मग ओढा. वायरीला धरून ओढू नका. दोन कपलर असतील तर त्यांवर टेपने खुणा करा.

मीटर बाहेर काढल्यावर उभाच ठेवा. पालथा टाकू नका, काट्यांना बोट लावू नका. काटा हाताने फिरवला की आतल्या मोटरचे दात सरकतात आणि पुढे आयुष्यभर शून्याऐवजी 10 दाखवतो. काच पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. प्लास्टिक आहे ते, धुरकट होतं.

कॅनवाली गाडी असेल तर इथे एक तपासणी करून घ्या. स्टीअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे स्कॅनर जोडायचा, सोळा पिनांचा सॉकेट असतो. बॅटरी सुटलेली असतानाच नवा मीटर नुसता कपलरला लावा आणि मल्टिमीटरने 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण 60 ओहम आला पाहिजे. 120 दाखवत असेल तर लाइनच्या एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. काही गाड्यांत तो मीटरच्याच पोटात असतो आणि तुम्ही आणलेल्या मीटरमध्ये नसतो. जुना मीटर लावून पुन्हा मोजा, फरक कळेल. एक सूचना: काही गाड्यांत ओबीडीचा सॉकेट गेटवेच्या (लाइनी वेगळ्या ठेवणाऱ्या डब्याच्या) पलीकडे असतो, तिथे हे माप मीटरबद्दल काही सांगत नाही.

मग बसवणं म्हणजे हेच सगळं उलट्या क्रमाने. स्क्रू हाताला लागेपर्यंतच आवळा, प्लास्टिकच्या भोकात आहेत ते. एखादा कान तुटलाच तर फेव्हिक्विकच्या भरवशावर राहू नका. उद्यमनगरात पातळ पत्र्याची क्लिप वाकवून देणारे आहेत.

## 8. चावी फिरवल्यावर

बॅटरी जोडा, चावी "ऑन"ला न्या, स्टार्ट करू नका. एअरबॅग, एबीएस, चेक इंजिन, ऑइल, चार्जिंग हे सगळे दिवे एकदा लागले पाहिजेत आणि मग आपापल्या वेळेला विझले पाहिजेत (ऑइल, चार्जिंग आणि चेक इंजिन इंजिन चालू झाल्यावर). जो दिवा लागलाच नाही तो जास्त धोक्याचा. विझत नाही तो निदान काहीतरी सांगतोय. मोबाईलवर व्हिडिओ काढून जुन्या फोटोशी ताडून बघा.

एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर बहुतेक वेळा मीटर काढलेला असताना कुणीतरी चावी फिरवलेली असते आणि मॉड्यूलने ते लिहून ठेवलेलं असतं. एअरबॅग वाचणाऱ्या स्कॅनरने कोड पुसून बघा. पुन्हा आला तर मीटर जुळत नाहीये असं समजा. बल्बवर टेप लावून किंवा दुसऱ्या दिव्याशी वायर जोडून तो "गप्प" करून देणारे आहेत. त्यांच्याकडे गाडी देऊ नका.

पुढे हँडब्रेक ओढून बघा, दारं उघडून बघा, दोन्ही इंडिकेटर, हाय बीम, सीटबेल्ट. काही गाड्यांत इंडिकेटरचा टकटक आवाजही मीटरच काढतो. बॅटरी सोडल्यामुळे घड्याळ आणि काचांचं ऑटो परत लावावं लागेल.

## 9. रस्त्यावर

गावात नको, हायवेला घ्या. उचगाव ओलांडून कागलच्या दिशेला लागलात की हे काम होतं. शेजारी एक माणूस मोबाईलवर जीपीएसचा वेग लावून बसू दे, तुम्ही रस्ता बघा. 40, 60, 80 ला दोन्ही आकडे बोलायला लावा. मीटर जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवणारच, कंपन्या तो मुद्दाम तसा ठेवतात. पण मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवत असेल तर तो मीटर तुमच्या गाडीचा नाही. ओडोमीटरसाठी किलोमीटरचे दगड आहेतच, दहा दगड मोजा.

टायरचा प्रश्न इथे हमखास निघतो: वरच्या व्हेरिएंटला 15 ची चाकं, माझ्याला 14 ची, मग वेग चुकणार ना? हिशोब करून बघा. 2011 ते 2017 च्या पिढीच्या स्विफ्टमध्ये व्हीएक्सआयला 165/80 आर14 आणि झेडएक्सआयला 185/65 आर15. पहिल्याचा व्यास 619.6 मिमी, दुसऱ्याचा 621.5. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे 100 च्या वेगाला अर्धा किलोमीटरही नाही. कंपनीने टायर असेच जुळवलेले असतात. तुम्ही हौसेने जाडजूड टायर टाकले असतील तर मात्र गणित तुमचं तुम्ही करा.

इंधनाचा काटा कळायला एक टाकी जावी लागते. टाकी फुल्ल करा, ट्रिप शून्य करा, आणि काटा पावावर आला की पंपावर परत फुल्ल करून किती लिटर बसले ते बघा. 42 च्या टाकीत साधारण तीस-बत्तीस बसायला हवेत. हे होईपर्यंत काट्याच्या भरवशावर आंबा घाटात उतरू नका.

## 10. जुन्या मीटरचं काय करायचं

चालू असला तरी लगेच विकू नका. नवा मीटर पावसाळा काढून दाखवेपर्यंत तोच तुमचा स्पेअर आहे. ज्या गाड्यांत इमोबिलायझर मीटरमध्ये असतो, तिथे जुन्या मीटरमध्ये तुमच्या चावीची माहितीही असते, त्यामुळे तो भंगारात देणं शहाणपणाचं नाही. बबल प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वर गाडीचा नंबर, काढल्याची तारीख आणि रीडिंग मार्करने लिहा आणि माळ्यावर उभा ठेवा. गाडी विकाल तेव्हा तो कागद आणि हा मीटर दोन्ही नव्या मालकाच्या हातात द्या, आणि विक्रीच्या करारनाम्यात मीटर बदलल्याची एक ओळ घाला.